टेनिस, महिला दुहेरी : ४०-४० ला रिसीव्ह कोणी करायचं (समोरची सर्व्हिस कोणी घ्यायची)?

रामबागवाली | सोमवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. क्लबात पंधरा दिवस वाद चाललाय, म्हणून धागा काढतेय.

थंडीतल्या एका महिला आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धेत (डब्ल्यू १५ दर्जाची) आपल्या इंदूरच्या दोन मुलींना दुहेरीचं वाइल्ड कार्ड (थेट प्रवेश) मिळायची शक्यता आहे. थोरली उजव्या हाताची, ड्यूस कोर्टाला (आपल्या उजव्या बाजूला) खेळते. फोरहँड तडाखेबंद, बॅकहँडला मात्र स्लाइसवर भागवते. धाकटी डावखुरी, अ‍ॅड कोर्टाला (डाव्या बाजूला). ताकद बेताची, पण चेंडू सोडत नाही.

दुहेरीत आता नो-अ‍ॅड असतं. ४०-४० झालं की एकच गुण, आणि तो कोणत्या कोर्टात घ्यायचा हे रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. क्लबातला एक तट म्हणतो, थोरलीच घेईल, फोरहँड आहे तिच्याकडे. दुसरा म्हणतो, धाकटी चुका कमी करते. तिसरा म्हणतो, ऐनवेळी बघू. ऐनवेळी बघू म्हणजे दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं!

तर प्रश्न १ : कोणी घ्यावं? प्रश्न २ : सेट १-१ झाल्यावर सुपर टाय-ब्रेकला (तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा डाव) पहिली सर्व्हिस कोणाची?

एक विनंती. "आमच्या वेळी" ने सुरू होणारे प्रतिसाद नकोत. नेमकं सांगा.

पोहे_जिलेबी | सोमवार, ७:५२

पहिला प्रतिसाद माझा. बाकी ज्ञानी लोकांनी लिहा, मी वाचून राहिलो.

जुना_होळकर | सोमवार, ८:१५

"आमच्या वेळी" वर बंदी घातलीत, आता मी लिहू काय?

बरं, मत लिहितो. हा नो-अ‍ॅड प्रकार म्हणजे जुगार. ४०-० ची पुढे असलेली जोडी तीन गुण घालवते आणि मग छापा-काटा. त्यावर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा तुकडा. २०१५ ची विम्बल्डन फायनल आठवा. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस तिसऱ्या सेटमध्ये २-५ मागे होत्या आणि माकारोवा-व्हेस्निनाला ५-७, ७-६, ७-५ असं हरवलं. आयटीएफचे नियम असते तर तो तिसरा सेट झालाच नसता.

उंच_खुर्ची | सोमवार, ८:४०

होळकरकाका, ग्रँड स्लॅमला महिला दुहेरीत अजूनही पूर्ण तिसरा सेट असतो. फक्त तिथे ६-६ झालं की २०२२ पासून दहा गुणांचा टाय-ब्रेक. सेटऐवजी थेट सुपर टाय-ब्रेक हा प्रकार डब्ल्यूटीए टूरवर (महिलांच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धा) आणि आयटीएफ स्पर्धांत.

ताई, वाद घालण्याआधी नियम नीट मांडतो, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात.

४०-४० झालं की अंपायर पुकारतो, "डिसायडिंग पॉइंट, रिसीव्हर्स चॉइस". जोडीनं बाजू सांगायची, बोटानं दाखवली तरी चालते. बाजू निवडायची म्हणजे *कोर्ट* निवडायचं. थोरली ड्यूसला उभी राहत असेल तर तिनं घ्यायचं म्हणजे सर्व्हिस ड्यूस कोर्टात पडणार. थोरलीनं अ‍ॅडला जाऊन घ्यायचं असं चालत नाही. सेट सुरू होताना ज्या जागा घेतल्या त्याच सेट संपेपर्यंत, या गुणासाठीही. (मिश्र दुहेरीत निवड नसतेच. बाई सर्व्ह करत असेल तर बाईनंच घ्यायचं, पुरुष करत असेल तर पुरुषानं.)

वेळेचं म्हणाल तर दोन गुणांमध्ये २५ सेकंद. घड्याळ सर्व्हरसाठी असतं, पण रिसीव्हरनं सर्व्हरच्या वेगाशी जुळवून घ्यायचं असतं. निवडीच्या नावाखाली तिथे परिषद भरवता येत नाही.

नेटकरी | सोमवार, ९:२०

आता मुद्द्याचं. "आपल्यातली चांगली कोण" हा प्रश्नच चुकीचा आहे. समोर सर्व्ह कोण करतेय आणि तिची जोडीदारीण नेटवर कशी आहे, हे बघून बाजू ठरते. रिटर्नचा चेंडू निम्म्या वेळा सर्व्हरकडे जातच नाही, नेटवालीच्या तावडीत सापडतो.

समोरची सर्व्हर उजव्या हाताची धरू, बहुतेक वेळा तीच असते.

ड्यूस कोर्ट : उजव्या हाताची स्लाइस सर्व्हिस टप्पा पडल्यावर रिसीव्हरच्या उजवीकडे पळते. म्हणजे बाहेरच्या बाजूला पडली तर थोरली ओढली जाणार गल्लीपलीकडे, पण चेंडू तिच्या फोरहँडवर. मधल्या रेघेवर, टीवर पडली तर तिच्या बॅकहँडवर, जिथे ती कच्ची आहे.

अ‍ॅड कोर्ट : बाहेर मारली, तीही किक देऊन, तर चेंडू उसळून धाकटीच्या डावखुऱ्या फोरहँडवर. सर्व्हर हे टाळणार. ती टीवरच मारणार, स्लाइस देऊन, म्हणजे धाकटीच्या बॅकहँडपासून लांब पळणारी.

म्हणजे धाकटीकडे सर्व्हिस कुठे येणार हे जवळपास ठरलेलं आहे. थोरलीकडे दोन्ही शक्यता उघड्या. कुठे येणार हे माहीत असलेली सर्व्हिस घेणं केव्हाही बरं, हा धाकटीच्या बाजूचा मुद्दा. पण टीवरच्या सर्व्हिसला रिटर्नचा कोन उरत नाही. चेंडू मधून निघतो, मधूनच परततो, आणि नेटवालीला आडवं यायला एक पाऊल पुरतं. हा विरुद्ध मुद्दा.

पोहे_जिलेबी | सोमवार, ९:३१

गल्ली म्हणजे सराफ्यातली की कुठली?

नेटकरी | सोमवार, ९:३८

अ‍ॅली हो, भिया. एकेरीची बाजूची रेघ आणि दुहेरीची बाजूची रेघ यांच्यामधली पट्टी. १.३७ मीटर रुंद. भुट्ट्याचा कीस मिळत नाही तिथे.

मांडवीची_मीरा | सोमवार, १०:०५

बडोद्याहून वाचतेय. नेटकरींना अनुमोदन, पण लॉबचं (नेटवालीच्या डोक्यावरून उंच टाकलेल्या चेंडूचं) राहिलं. महिला दुहेरीत रिटर्नला लॉब हे मुख्य अस्त्र आहे, नाइलाजाचा फटका नव्हे. हसिए सू-वेई किंवा सारा एर्रानी बघा. एर्रानीची सर्व्हिस टूरवरच्या सगळ्यांत मऊ सर्व्हिसांपैकी एक, तरी पाओलिनीबरोबर २०२४ चं ऑलिंपिक सुवर्ण आणि २०२५ चं फ्रेंच ओपन. कारण लॉब आणि डोकं.

आणि लॉबला बाजू असते. ड्यूस कोर्टातून समोरच्या नेटवालीच्या डोक्यावरून सरळ लॉब टाकला तर तो तिच्या डाव्या बाजूनं जातो, म्हणजे उजव्या हाताच्या बाईच्या बॅकहँड खांद्यावरून. तिथून स्मॅश मारणं महाकठीण. अ‍ॅड कोर्टातून तोच लॉब तिच्या उजव्या, स्मॅशच्या बाजूला जातो. एक हात कमी पडला तरी ठोकून टाकते.

म्हणून नेटवाली उंच आणि स्मॅशची पक्की असेल तर ड्यूस. थोरलीचा बॅकहँड स्लाइस आहे म्हणता ना? स्लाइसची रॅकेट उघडीच असते, त्यातून लॉब काढायला वेगळी तयारी लागत नाही. तिची दुबळी बाजू इथे कामाची.

रामबागवाली | सोमवार, १०:४०

मीराताई, हे क्लबात कोणालाच सुचलं नव्हतं! वाखू (वाचनखूण) साठवली.

गणितमास्तर | सोमवार, दुपारी १:१०

काकांच्या "जुगार" ला आकड्यांत उत्तर.

समजा सर्व्ह करणारी जोडी प्रत्येक गुण ६० टक्के वेळा जिंकते. गेम ४०-४० ला पोहोचण्याची शक्यता २७.६ टक्के येते, म्हणजे साधारण चारातला एक गेम. वीस गेमच्या सामन्यात असे पाच-सहा गुण. जुन्या पद्धतीनं ही जोडी सर्व्हिस राखते ७३.६ टक्के वेळा, नो-अ‍ॅडनं ७१ टक्के. फरक अडीच टक्क्यांचा. सर्व्हिसवरचा वरचष्मा कमी असेल, ५५ टक्केच धरला, तर ६२.३ विरुद्ध ६०.८, दीड टक्का.

म्हणजे जुगार वगैरे नाही, फायदा थोडासा रिसीव्हरकडे सरकतो. पण हे गणित निर्णायक गुणही सर्व्हर ६० टक्केच जिंकेल असं धरतं. निवड चांगली केली तर तिथेच तो आकडा खाली आणता येतो. ताईंचा प्रश्न म्हणून मोलाचा. सामन्यात निम्मे असे गुण तुमच्या रिसीव्हवर येतील, म्हणजे दोन-तीन. सेट त्यावर फिरतो.

जुना_होळकर | सोमवार, १:३५

मास्तर, गेमचं सोडा, सुपर टाय-ब्रेकचं बोला. टोकियो ऑलिंपिकला सानिया आणि अंकिता रैनाचा किचेनोक बहिणींविरुद्धचा सामना : ६-०, ६-७, ८-१०. गेम मोजा. आपल्या मुलींचे बारा, त्यांचे सात. तरी घरी आपल्या मुली.

गणितमास्तर | सोमवार, १:४२

याला उत्तर नाही. मान्य.

बार्शी_ते_इंदूर | सोमवार, २:२०

काका, तो सुपर टाय-ब्रेक देतोही. हांगझोच्या एशियाडला (झालं २०२३ मध्ये) ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा मिश्र दुहेरीच्या फायनलचा पहिला सेट २-६ हरले, दुसरा ६-३ घेतला, आणि १०-४ नं सुवर्ण.

आणि आमच्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचं नाव आल्याशिवाय हा धागा पुढे सरकू नये. २०१४ ला इंचॉनमध्ये सानियाबरोबर महिला दुहेरीचं कांस्य.

मांडवीची_मीरा | सोमवार, २:३३

मग आमच्या गुजरातच्या अंकिताचंही. २०२१ ला मेलबर्नमध्ये कामिला राखिमोवाबरोबर फिलिप आयलंड ट्रॉफीची दुहेरी. डब्ल्यूटीए २५० चं विजेतेपद आहे ते.

पोहे_जिलेबी | सोमवार, २:४०

आता इंदूरचं कोणी सांगा. (शांतता.) म्हणूनच या दोन मुली महत्त्वाच्या.

तोपखाना | सोमवार, संध्या. ६:१५

अवांतर वाटेल, पण कोर्टाचं कोणीच बोललं नाही.

दुहेरीचे सामने एकेरीनंतर लागतात. एकेरी खेळताना नेटला दोन्ही बाजूंना सिंगल्स स्टिक लावतात, एकेरीच्या रेघेबाहेर ०.९१४ मीटरवर, उंची १.०७ मीटर. दुहेरीच्या आधी त्या काढायच्या असतात. राहिल्या तर गल्लीच्या आतच नेटला टेकू बसतो आणि तिथे नेट असायला हवं त्यापेक्षा उंच उभं राहतं. डाउन द लाइन (बाजूच्या रेघेलगत सरळ) रिटर्न मारणारीचा चेंडू नेटच्या पट्टीवर आपटतो आणि ती स्वतःच्या मनगटाला दोष देत बसते. वॉर्म-अपआधी नजर टाका, अंपायरला सांगा.

मधली उंची ०.९१४ मीटर, म्हणजे ३ फूट. पट्टा सैल झाला की दोन बोटं वर चढते. टेप नसेल तर रॅकेटनं मोजा. नेहमीची रॅकेट २७ इंची. ती मधोमध उभी धरायची आणि तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं, ते साधारण ९ इंच. झाले ३६.

नेट मधे खाली आणि खांबाशी वर. त्यात क्रॉसकोर्टला (तिरक्या फटक्याला) अंतर जास्त. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, दुहेरीचा कर्ण २६.१८. म्हणजे क्रॉसकोर्ट रिटर्नला खाली नेट आणि सव्वादोन-अडीच मीटर जादा जागा. निर्णायक गुणावर पोरी डाउन द लाइनच्या मोहात पडतात ते का चुकतं, ते यात आलं.

नेटकरी | सोमवार, ६:५०

तोपखानाकर, सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. डाउन द लाइन एकदा तरी मारावाच लागतो, पण *निर्णायक गुणावर नाही, आधी*. पहिल्या दोन-तीन गेममध्ये, ०-१५ नाहीतर १५-१५ असताना, नेटवालीच्या बाजूनं गल्लीत एक मारून ठेवायचा. बाहेर गेला तरी चालेल, ती उधारी आहे. पुढे ४०-४० ला तीच नेटवाली आडवं निघण्याआधी अर्धा क्षण थबकते, कारण गल्ली उघडी पडेल ही भीती तिच्या डोक्यात बसलेली असते. क्रॉसकोर्ट रिटर्नला तो अर्धा क्षण पुरतो.

आता त्या गुणावर उभं कसं राहायचं. सर्व्हरची जोडीदारीण साधारण दोन-अडीच मीटरवर, नेटजवळ. आपली जोडीदारीण नेहमी सर्व्हिस लाइनवर, नेटपासून ६.४० मीटर. रिटर्न नेटवालीला सापडला तर तो या बाईच्या पायाशीच येऊन पडतो, आणि तिला वेळ मिळतो पापणी लवण्याइतका. म्हणून :

समोरची पहिली सर्व्हिस दमदार असेल, तर दोघीही बेसलाइनवर. नेटवालीनं आडवं येऊन मारलेला चेंडू निदान परत करता येतो. दुसरी सर्व्हिस पडणार म्हटल्यावर जोडीदारणीनं पुन्हा सर्व्हिस लाइनवर यायचं. नियमानं मोकळीक आहे, कोर्ट तेच ठेवून मागेपुढे कुठेही उभं राहता येतं.

आणि जोडीदारणीनं बघायचं काय? मागे वळून आपल्या रिसीव्हरकडे नाही. समोरच्या नेटवालीच्या खांद्यांकडे. ती हलली तर मध्य झाकायचा, थांबली तर पुढे सरकायचं.

समोरच्या जोडीनं आय-फॉर्मेशन घेतलं, म्हणजे नेटवाली मधल्या रेघेवर वाकून बसली, तर ती कुठे उठणार ते कळत नाही. तेव्हा हुशारी करू नये. मधूनच, जोरात, खाली. अंदाज करत बसलात तर रिटर्न अर्धवट होतो.

उंच_खुर्ची | मंगळवार, सकाळी ८:०५

रात्री व्यक्तिगत निरोपातून दोघांनी विचारलं, म्हणून इथेच सांगतो.

सर्व्हिसचा नेम चुकून नेटवाल्या *रिसीव्हरच्या* जोडीदारणीला टप्प्याआधी लागला तर? गुण सर्व्हरचा. आणि स्वतःच्या जोडीदारणीच्या पाठीत बसला तर? फॉल्ट. दोघींच्या रॅकेट एकमेकींवर आपटल्या पण चेंडू एकीलाच लागला तर खेळ चालू. दोघींच्या रॅकेटला लागला तर गुण गेला.

सर्व्हिसचा क्रम चुकला आणि गेममध्येच कळलं तर तिथल्या तिथे दुरुस्त, झालेले गुण कायम. गेम संपल्यावर कळलं तर बदललेला क्रम तसाच पुढे. रिसीव्हच्या जागा चुकल्या तर तो गेम तसाच संपवायचा, त्या सेटमधल्या पुढच्या रिसीव्ह गेमला मूळ जागा.

आता प्रश्न २. सुपर टाय-ब्रेकआधी १२० सेकंदांची विश्रांती. सर्व्हिस कोणत्या *जोडीची* हे आधीच्या क्रमानं ठरलेलं. पण जोडीतली कोण आणि रिसीव्हला कोण कुठे, हे नव्या सेटसारखं बदलता येतं. चेंडू बदलायची पाळी आली असली तरी सुपर टाय-ब्रेकच्या तोंडावर नवे चेंडू मिळत नाहीत. जुन्या, फुगलेल्या चेंडूनं खेळायचं, हे लक्षात ठेवा. सपाट सर्व्हिसची धार गेलेली असते.

गणितमास्तर | मंगळवार, ९:००

प्रश्न २ चं उत्तर कागदावर निघतं. पहिली सर्व्हर एकच गुण, नंतर प्रत्येकी दोन-दोन. आपली जोडी सुरू करत असेल तर :

आपली पहिली : गुण १, ८, ९, १६, १७
आपली दुसरी : ४, ५, १२, १३

समोरची जोडी सुरू करत असेल तर आपली पहिली : २, ३, १०, ११, १८, १९ आणि दुसरी : ६, ७, १४, १५.

१०-८ नं संपला तर अठरा गुण. दोन्ही तऱ्हांत पहिलीच्या वाट्याला पाच, दुसरीच्या वाट्याला चार, आणि शेवटाकडचे गुण पहिलीकडे. तेव्हा ज्या मुलीची सर्व्हिस जड ती पहिली, मग सुरुवात आपली असो वा त्यांची. सेटमध्ये कोण आधी होती ते विसरून जा.

तोपखाना | मंगळवार, ९:२५

मास्तर, कागदावर ऊन पडत नाही.

कोर्ट उत्तर-दक्षिण आहे असं धरू, बहुतेक तसंच आखतात. इंदुरात डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य जेमतेम ४४ अंशांवर चढतो, दक्षिणेला. उत्तरेच्या टोकाकडून सर्व्ह करणारीच्या डोळ्यांत तो सरळ. तिसऱ्या प्रहरी तो नैर्ऋत्येला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेलीच्या *उजव्या* हाताला. उजव्या हाताच्या मुलीचा टॉसही (सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू) थोडा उजवीकडेच जातो. चेंडू सूर्यातच हरवतो. डावखुरीचा टॉस डावीकडे, तिला त्रास कमी. सकाळी उलट, सूर्य आग्नेयेला, त्रास डावखुरीला.

उजवी-डावखुरी जोडी असेल तर हा खजिना आहे, कारण दुहेरीत एकदा क्रम लागला की प्रत्येक मुलगी सबंध सेटभर *एकाच टोकाकडून* सर्व्ह करते.

रामबागवाली | मंगळवार, ९:४०

हे कसं काय? टोकं तर बदलत राहतात.

गणितमास्तर | मंगळवार, १०:१०

बरोबर आहे त्यांचं. टोकं बदलतात विषम गेमनंतर : १, ३, ५, ७. आपली जोडी सुरू करतेय आणि उत्तरेला उभी आहे. गेम १ : पहिली, उत्तरेकडून. गेम ३ : दुसरी, दक्षिणेकडून. गेम ५ : पुन्हा पहिली, पुन्हा उत्तरेकडून. चहाचे चार कप मांडून फिरवून बघा, पटेल.

म्हणून दुपारचा सामना असेल तर धाकटी उत्तरेकडून, थोरली दक्षिणेकडून. आपण सर्व्हिस सुरू करत असू तर पहिली सर्व्हर जिथून सेट सुरू झाला त्याच टोकाची राहते. आपण आधी रिसीव्ह करत असू तर आपली पहिली सर्व्हर सुरुवातीच्या *समोरच्या* टोकाची होते, कारण गेम १ नंतर टोक बदललेलं असतं. सेट सुरू होताना एवढं मनाशी लावून क्रम सांगायचा.

टाय-ब्रेकला मात्र हे सगळं विस्कटतं. तिथे दर सहा गुणांनी टोक बदलतं आणि सेटभर सावलीतून सर्व्ह करणारीला अचानक उन्हातून करावं लागतं.

उंच_खुर्ची | मंगळवार, १०:३०

यावरच उपाय म्हणून कोमन टाय-ब्रेक निघाला. पहिल्या गुणानंतर टोक बदल, मग दर चार गुणांनी. चौघींची टोकं जशीच्या तशी राहतात. आयटीएफच्या नियमपुस्तकात पर्यायी पद्धत म्हणून आहे, पण टूरवर सहाचीच पद्धत समजून चाला. सरावात धाकटीला दोन्ही टोकांकडून सर्व्हिस करायला लावा.

जुना_होळकर | मंगळवार, ११:००

एक मान्य करतो. या धाग्यात टेनिस कमी, पंचांग जास्त झालंय, पण उपयोगी आहे.

पोहे_जिलेबी | मंगळवार, ११:०४

काका, टॉसआधी राहुकाळ बघायचा राहिला.

रामबागवाली | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. मुलींना धागा वाचायला दिला. दोघींनी मिळून एक चिठ्ठी केलीय, रॅकेटच्या पिशवीत ठेवणार. जशीच्या तशी देते :

"४०-४० : आधी बघ, या गेमला ड्यूसला ३ आणि अ‍ॅडला ३ सर्व्हिस पडल्या. कुठे पहिली सर्व्हिस जास्त चुकली? ती बाजू. बरोबरी असेल तर नेटवाली बघ. स्मॅशची पक्की : ड्यूस, लॉब. आडवी पळणारी : ड्यूस, बाहेरच्या सर्व्हिसला क्रॉस. दोन्ही नाही : अ‍ॅड, टीची वाट बघ, मधून खाली. सुपर टाय-ब्रेक : पहिली थोरली."

सहा गुणांत दोन्ही बाजूंना तीन-तीन सर्व्हिस पडलेल्या असतात, हे थोरलीनं स्वतः काढलं. बरोबर आहे का?

नेटकरी | मंगळवार, ९:४०

पोरगी हुशार आहे. बरोबर. ४०-४० ला कायम तीन-तीनच, त्याहून ताजा पुरावा मिळणार नाही. फक्त पहिली सर्व्हिस चुकली एवढंच मोजू नका, दुसरी *कुठे* टाकली तेही लक्षात ठेवा. दडपणाखाली सर्व्हर सवयीच्याच जागी टाकते.

एकच बदल सुचवतो. निवड कोण पुकारणार ते आधीच ठरवा. एकीनंच. दोघींनी दोन बोटं दोन दिशांना केली की सामना बघायला आलेल्यांची करमणूक होते.

मांडवीची_मीरा | मंगळवार, ९:५२

आणि कोचनं सांगितलं तरी चालतं आता. १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफच्या नियमांत कोर्टाबाहेरून कोचिंगला मुभा आहे, दोन गुणांच्या मध्ये, थोडक्यात. पण प्रत्येक ४०-४० ला कोचकडे बघायची सवय लागू देऊ नका. समोरच्या जोडीलाही ते दिसतं.

रामबागवाली | मंगळवार, १०:२०

पुकारणार धाकटी. तिचाच शेवटचा प्रश्न : "सर्व्ह करणारीही माझ्यासारखी डावखुरी असेल तर?"

नेटकरी | मंगळवार, १०:३१

तर सगळं आरशात बघायचं. डावखुरीची स्लाइस रिसीव्हरच्या डावीकडे पळते. ड्यूसला टीवर पडली की थोरलीच्या बॅकहँडपासून लांब जाणार, आणि ती तीच मारणार. अ‍ॅडला बाहेर मारली तर धाकटीला गल्लीपलीकडे ओढेल, पण फोरहँडवर, आणि तिथून क्रॉसकोर्टचा कोन उघडा. अ‍ॅड घ्या. दोन पावलं डावीकडे सरकून उभं राहायचं आणि टी उघडी दाखवायची.